रविवारची परवानगी

लोगन, ब्रिस्बेन
५ ऑगस्ट

ती. स्व. तोकिलुपे आत्यांस,
सा. न. वि. वि.

बाबा ठीक आहेत. गुडघा कुरकुरतो, पण चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला सगळ्यांच्या आधी हजर असतात आणि उशिरा येणाऱ्यांना माझ्यासकट झाडतात.

माझ्या पोटाच्या ऑपरेशनला आता वर्ष होईल. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की देवाने दिलेलं काढून टाकणारे हे कोण. त्यावरून मी पुन्हा भांडत नाही. चार घास खाल्ले की पोट भरतं, पाचवा घेतला तर तासभर भोगावं लागतं. चर्चनंतरच्या जेवणात बायका माझ्या पानात लू वाढतच राहतात. नारळाच्या दुधात शिजलेलं ते अळू आणि मांस बघून जीव नुसता तळमळतो, आणि मी ते बांधून घरी आणते.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी कित्येक महिने तोंड वाकडं करून चालले. शाळेत असल्यापासून मी बस सोडून देणारी मुलगी, तुम्हाला माहीतच आहे. मार्चमध्ये एकदा कामावर जाताना बस सुटायला आली, आणि कसं कोण जाणे, मी पळाले. बस मिळाली. आत बसल्यावर मात्र हळहळ वाटली, की थांबा एवढा जवळ का होता? तेव्हापासून पळतेय.

आता खरं काम. नदीकाठी दहा किलोमीटरची शर्यत आहे आणि मला त्यात धावायचंय. अडचण एकच. १४ सप्टेंबरला रविवार आहे, आणि शर्यत ऐन प्रार्थनेच्या वेळेला. बाबांना विचारलं तर त्यांनी गाण्यांच्या वहीतून मानही वर केली नाही. म्हणाले, तुझ्या आत्याला विचार, ती हो म्हणाली तर मी मधे पडणार नाही. घरात तुमचा शब्द शेवटचा. तो माझ्या बाजूने पडावा एवढंच मागते.

तुमच्या मायेवरच सगळं आहे.
तुमची,
लेसिएली


नेइआफू, वाव्हाउ
१६ ऑगस्ट

चि. लेसिएलीस अनेक आशीर्वाद.

पत्र विमानाने आलेल्या मंडळींनी आणून दिलं. फोन केला नाहीस ते बरं केलंस. इथे बेटावर माझा फोन वाजला की अख्खी वस्ती कान लावते.

आम्ही खुशाल आहोत. रताळ्यांचे वेल चांगले पसरलेत, डुकरीण व्याली आहे, आणि पाळकांच्या बायकोने माझ्या चटईची उसवण मोजून दाखवली. तिला मी काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता तुझं. बाई गं, तुझ्या मागे कोण लागलंय? इथे माणूस पळताना दिसला की कुत्री मागे लागतात आणि लोक घराबाहेर येऊन विचारतात, कोण गेलं म्हणून. आपल्या घरातली बाई चारचौघांत मांड्या दाखवत धावते हे मी कुणाला सांगू? तुझ्या बापाने गरम भांडं बरोबर माझ्या हातात दिलंय.

आणि एक विचारते, खरं सांग. ऑपरेशन फक्त पोटाचंच होतं ना? डॉक्टरांनी दुसरं काही सांगितलेलं तू आमच्यापासून लपवत नाहीस ना? ईस्टरला तुला पाहिलेल्या बायका इथे येऊन सांगतात की लेसिएलीचा चेहरा सेइनीसारखा दिसायला लागलाय. तुझ्या आईसारखा दिसतो, हे कौतुकाने नाही सांगत त्या. शेवटच्या दिवसांतल्या सेइनीसारखा, असं म्हणतात. मी त्यांना गप्प बसवलं. पण मी काही गप्प झाले नाही.

रविवारचं मी बघते. उतावळी होऊ नकोस. खा काहीतरी.

आशीर्वाद आहेत, रागही थोडा आहे.
तुझी आत्या


लोगन
२७ ऑगस्ट

ती. स्व. आत्यांस,
सा. न. वि. वि.

देवाशपथ, दुसरं काही नाही. रक्त तपासलं, हृदय तपासलं, साखर तर आता गोळ्यांशिवाय ताब्यात आहे. आईचा आजार मला नाही. त्या बायकांना सांगा, तोंड आईचं आहे कारण मुलगी आईची आहे. एवढी वर्षं ते गालांखाली झाकलेलं होतं.

पण तुम्ही विचारलंत, मागे कोण लागलंय. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. खरं सांगू? जूनपासून वजनाचा काटा हललेला नाही. रोज सकाळी त्याच्यावर उभी राहते, उतरते, पुन्हा उभी राहते. वाटतं, एक दिवस पळाले नाही तर झोपेतच पुन्हा पहिली लेसिएली होऊन उठेन. मग धावते. कामावर कपड्यांच्या घड्या घालताना टेबलाखाली पाय हलत असतात. चर्चमध्ये बाबांनी दोनदा वळून पाहिलं, कारण बाक थरथरत होतं. ती मजा मार्चमधली होती, आत्या. आता नुसती धास्ती आहे.

त्यात इथे वसंत आला. मॅगपाय पक्ष्यांनी घरटी केलीत आणि डोक्यावरून कुणी गेलं की झडप घालतात. परवा एकाने माझ्या कानाला चोच मारली. बाबा म्हणाले, पक्ष्यालासुद्धा कळतं कुणी घरी थांबायला हवं ते. दिवसभर स्वतःच्याच विनोदावर हसत होते.

मला वाटतं, ती शर्यत एकदा पुरी केली, लोकांनी पाहिलं, गळ्यात काहीतरी पडलं, की ही धास्ती जाईल. म्हणून एवढा हट्ट. नाव द्यायची मुदत संपत आलीय. हो किंवा नाही, पण लवकर कळवा. मला बसवत नाही.

तुमच्या शब्दाकडे डोळे लावून,
लेसिएली


नेइआफू
४ सप्टेंबर

चि. लेसिएलीस आशीर्वाद.

नाही.

रविवार देवाचा आहे. मी असेपर्यंत या घरातलं कुणी रविवारी शर्यती धावणार नाही. तू गाण्यात उभी राहा आणि वरचा सूर नीट लाव.

काट्यावर उभी राहणं मात्र बंद कर. ते कुठल्याच वारी चांगलं नाही.

तुझी आत्या


लोगन
२१ सप्टेंबर

ती. स्व. ताईंस,
धाकटा भाऊ पेनिसिमानी याचा सा. न. वि. वि.

ताई, बहिणीशी मुलींच्या कपड्यांबद्दल, अंगाबद्दल भावाने बोलू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. आज थोडं चुकेल, पोटात घाला.

तुमचा शब्द लेसिएलीने पाळला. त्या रविवारी ती गाण्यात उभी होती. सूर चांगला लागला. डोळे सुजलेले होते. मी काही विचारलं नाही, तुमच्यासारखं विचारायला मला जमत नाही.

सोमवारी पहाटे ती घराबाहेर पडली. धावताना मोजायचं घड्याळ टेबलावरच ठेवून गेली होती. मला वाटलं, रागाच्या भरात काही करून घेईल, म्हणून मी गाडी काढून मागून गेलो. नदीकाठच्या त्याच रस्त्याने ती एकटीच धावत होती. आदल्या दिवशीचे कागदी पेले गवतात पडलेले, बघायला कुत्रंही नाही. पक्षी आला तर तिने त्याला आपल्या भाषेत शिवी दिली. मला माहीत नव्हतं तिला ती शिवी येते.

मी बराच मागे होतो. चढ लागला तेव्हा वाटलं थांबेल. ती थांबली नाही, उलट हसायला लागली. ताई, एकटीच, मोठ्याने. ऑपरेशन झालं, वजन उतरलं, सगळ्यांनी वाहवा केली, पण सेइनी गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. मी गाडी बाजूला लावली आणि बसून राहिलो. मला काही दिसेना.

मी घरी पोचल्यावर ती परत आली, तर घर ओलांडून पुढेच गेली. कोपऱ्यापर्यंत जाऊन मग आली. मी विचारलं, किती झालं? म्हणाली, मोजलं नाही बाबा, थांबावंसं वाटेना. आणि चार घास खाऊन कामावर गेली.

आजवर तुमच्यापाशी मी काही मागितलं नाही. रविवार मागत नाहीये. पण ही मुलगी तुमच्या 'नाही'खाली वाकून धावतेय, ते मला बघवत नाही. तिला काहीतरी सांगा.

आपला लोभ आहे तसा असू द्या.
आपला भाऊ,
पेनिसिमानी


नेइआफू
२ ऑक्टोबर

चि. लेसिएलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बापाचं पत्र आलं. त्याने मला आयुष्यात एवढं मोठं पत्र कधी लिहिलं नव्हतं. वाचून बाहीने डोळे पुसत बसले होते, तेवढ्यात पाळकांची बायको आली. तिला म्हटलं, कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता.

तू मला सगळं खरं लिहिलंस, आता मी लिहिते. रविवार हे खरं कारण होतं, पण अर्धंच. तुझ्या आईला शेवटची आंघोळ मी घातली. पोराला उचलावं तशी उचलली होती तिला. आपल्याकडे कुणी बारीक झालं की पुढे काय होतं तेच मी आजवर पाहिलं. तू बारीक झालीस आणि वर पळायलाही लागलीस, तेव्हा मला वाटलं, तूही चाललीस. म्हणून धरून ठेवत होते. रविवार हाताशी होता, तोच धरला.

रविवार मी सोडणार नाही, त्यात बदल नाही. पण डिसेंबरात आपल्या चर्चचा वाढदिवस आहे आणि त्याच्या आदल्या दिवशी शनिवार येतो. बायकांच्या मंडळाला मी सांगितलंय की त्या सकाळी बंदराच्या धक्क्यापासून चर्चपर्यंत बायका धावणार. हसल्या सगळ्या. पाळकांच्या बायकोने विचारलं, कुणाच्या परवानगीने? म्हटलं, माझ्या. कपडे गुडघ्याखाली हवेत, ही एक अट आहे. कुत्री बांधायला सांगितलीयेत.

आणखी एक. इथल्या डॉक्टरांनी माझ्या पायाला टाचणी टोचून पाहिली. मला कळलंच नाही. साखर वाढलीय म्हणाले, रोज चाला, नाहीतर पाय जाईल. तुझ्या बापाला सांगू नकोस, तो रडायला लागेल. मी चालायला लागलेय. झाडाआडून, कुणी बघू नये म्हणून. फार भीती वाटते गं.

तेव्हा तिकीट काढ आणि ये. धक्क्यापासून तू तुझी धाव, माझ्यासाठी पाय आखडू नकोस. फक्त वरच्या वळणावर एकदा मागे बघ, मी येतेय का ते.

तुझी वाट बघणारी,
आत्या