एका स्प्रिंगवर दोन साडू

६ ऑक्टोबर, आर्वी
कॉलर परत फिरवलेली. मोटरसायकलच्या मागच्या शॉकवर स्प्रिंग आवळायची जी कॉलर असते तिच्यावर मी पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवली होती. आज सकाळी पाहतो तर रेघ पार चाकाकडे तोंड करून. माझ्या साडूचं, विलासचंच काम. दुसरं कोण हात लावणार? काल गाडी त्याच्याकडे होती.
पाना घेतला, दुकानासमोर उकिडवा बसलो, कॉलर जागेवर आणली. तो आत बसून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सोलर पंपाचा अर्ज समजावत होता. मला ऐकू यावं अशा बेतानं म्हणाला, "काय हाये काका, काही लोकाइले सगळं आपल्याच मापाचं पाह्यजे."
काकांना काय कळणार! ते म्हणाले, "हो ना बाप्पा."

७ ऑक्टो.
आज त्याचा दिवस. एक दिवस आड, असं सौ.नं ठरवून दिलेलं. सौ. मोठी बहीण, विलासची बायको मंगला धाकटी. साडूसाडूंचं भांडण आणि निवाडा बहिणींच्या फोनवर.
संध्याकाळी डेपोजवळच्या ब्रेकरवरून गाडी आली. मी दुकानात, पाठ रस्त्याकडे. आवाज आला धप्प. म्हणजे कॉलर ढिली. माझ्या जागेवर असली की ठक असा कोरडा आवाज येतो. जन्मभर मोटारी रिवाइंड केल्या, बेअरिंग गेलं की वायर जळली ते कानानं सांगतो. आपलीच गाडी ओळखणार नाही?
वळून पाहिलं नाही. त्यानंही पाहिलं नाही.

१० ऑक्टो.
तोंडावर आलं एकदाचं, चौकातल्या टपरीवर.
"भाऊ, तुमी शॉक बदलला, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. मले इचारलं काय? गाडी फर्मची हाये."
"जुना शॉक गळत होता."
"गळत होता तं सील बदलाचं. तुमी सोताच्या मापाचा सदरा शिवला अन् मले म्हंता घाल. खड्ड्यात गेली की माह्ये दात वाजतेत."
"तुह्या अंगात काही असतं तं दबली असती ना स्प्रिंग. जेवत जाय."
लोक हसले. टपरीवरचा चहावाला जास्तच हसला. विलासला ते लागलं. म्हणाला, "मी काही मोटार वाइंडिंगवाला नोहे, जे दिसलं थे ठोकून बसवाले."
मी हसतच राहिलो. माझ्या हसण्यावर दुकान चाललं इतकी वर्षं. पण चहा अर्धा तसाच ठेवला.
डेपोमागं टिनाच्या खोक्यात मी मोटारी बांधत होतो तेव्हा हा कॉलेजात इस्त्रीची प्यांट घालून जात होता. पुढं नोकरी लागेना म्हणून मीच त्याला घेतलं. ऑफिसचे कागद त्याला चांगले जमतात, ते कबूल. पाटीवर दोघांची नावं घातली, तीही मीच.
जाताना म्हणाला, "वेगळे होऊन जाऊ."
मी म्हटलं, "होऊ."
बोलताना काही वाटलं नाही. आता लिहिताना ते दुकान डोळ्यासमोर येतं. एकट्याच्या नावाची पाटी कशी दिसेल...

१२ ऑक्टो.
आज मेलो असतो.
तळेगावकडं पंपाचं काम होतं. रस्त्याच्या अर्ध्या भागात लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं, उरलेल्या अर्ध्यात खड्डे. पहिल्या खड्ड्याला गाडी दबली. दुसऱ्याला आणखी दबली. तिसऱ्याला वर यायचं नावच घेईना, दगडासारखी झाली आणि मागचं चाक आडवं सरकलं. सोयाबीनवर गेलो. एक बाई झाडू घेऊन धावत आली. मला पाहून नाही, सोयाबीन पाहून.
खाली बघितलं तर शॉकचा खालचा स्क्रू पार आवळलेला. दबलेली स्प्रिंग किती झपाट्यानं परत उठावी, ते ठरवणारा स्क्रू तो. विलासला वाटलं असणार, नरम करायचा हाच स्क्रू. फोनवर व्हिडिओ बघून कारभार.
मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण चाक सरकताना मुद्दाम आणि चुकून यांत काय फरक होता?
सौ. म्हणाली, "मंगलाचा नवरा तसा माणूस नाई."
"मंग कसा हाये?"
"तुमच्यासारखा."

१४ ऑक्टो.
ठरवलं, भांडणाचा निकाल पट्टीनं लावायचा. सॅग मोजायचा. माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचं, आकडा निघाला की कॉलरची जागा ठरली, विषय संपला.
यात अडचण एकच. स्वतःचा सॅग स्वतः मोजता येत नाही. आपण दोन्ही पाय वर घेऊन बसायचं, कुणी तरी गाडी धरायची, कुणी तरी मोजायचं. दुकानात धरणारा माणूस एकच, आणि त्याच्याशी बोलणं बंद.
भिंतीला टेकवून पाहिलं. भिंत वजन खाते, माप खोटं येतं. शेवटी घरी अंगणात सौ.ला बोलावलं. मी एका हातानं आंब्याचं झाड धरून गाडीवर, ती खाली टेप घेऊन.
"किती?"
"कुठून कुठवर मोजू?"
"चाकाच्या बोल्टापासून वर सीटच्या खुणेपर्यंत."
"तुमी श्वास घेता तं पट्टी हलते. घेऊ नोका."
पाचसहा वेळा मोजलं. शेजारची बाई कुंपणावरून विचारते, "काऊन वो, गाडीले कपडे शिवता काय?"
सौ.चं माप दर वेळी एकच आलं. ती ब्लाउज शिवते, टेप तिच्या हातात चुकत नाही.
माप असं निघालं की गाडी माझ्या वजनानंही पुरेशी दबत नाही.

१५ ऑक्टो.
कालचं पूर्ण लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.
शॉक मी नागपुरात बसवला. त्या दुकानदारानं विचारलं होतं, "एकटे चालवता का डबलसीट?" मी सांगितलं, डबलसीट. मी, माझा साडू आणि मागं अवजारांची पेटी. त्यानं दोघांचं वजन लिहून घेतलं आणि त्या मापाची स्प्रिंग टाकली. तेव्हा आम्ही कामाला एकत्रच जात होतो. तो मागं बसून सारा रस्ता बडबड करायचा, मी हूं हूं करायचो. जुना शॉक पुरा पडत नव्हता तो त्याचमुळं.
नवा शॉक बसवून आणला आणि आठवड्यातच खर्चावरून वाजलं. तेव्हापासून एक दिवस आड.
म्हणजे ही स्प्रिंग त्याच्या मापाची नाही आणि माझ्याही नाही. आणि मी गेला महिनाभर तिच्यासाठी भांडतो आहे, 'माझ्या जागेवर आणली' म्हणून कॉलर आवळतो आहे.
हे त्याला सांगितलं तर भांडण संपेल बहुधा. नाही सांगणार. मला मोटार वाइंडिंगवाला म्हणाला तो.

२१ ऑक्टो.
पाना गायब. कॉलर फिरवायचा तो वाकड्या तोंडाचा पाना, खिळ्यावर असायचा. आता खिळाच आहे. कॉलर अर्थात ढिली.
मी मोठ्यानं भिंतीला म्हटलं, "चोरानं निदान तेल लावून ठेवावं, गंजते थो."
तो फोनवर होता. कुणाशी बोलत नव्हता, पलीकडून आवाजच येत नव्हता. नुसता फोन कानाला लावून "हो, हो" करून राह्यला होता. इतकंही कळू नये का मला?

२४ ऑक्टो.
छिन्नी-हातोडीनं कॉलर फिरवली. तिच्या खाचा चेपल्या. असं काम कुणी गिऱ्हाइकाचं करून दिलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं. विलासनं खाचा पाहिल्या, पुढ्यात बसून बोट फिरवलं. उठून परत टेबलावर जाऊन बसला. तेच जास्त झोंबलं.

३ नोव्हेंबर
वर्ध्याच्या वकिलाशी दोघं वेगवेगळे बोललो. फर्म मोडायचा कागद तो तयार करतो. सही दोघांनी समोर येऊन करायची, परवा. गोदाम त्याच्याकडं, दुकान माझ्याकडं, जुनी गिऱ्हाइकं ज्याची त्याला. ऐकायला किती सोपं वाटतं.
सौ. दोन दिवसांपासून फक्त भाजीपुरतं बोलते.

५ नोव्हें.
दोघी बहिणी सकाळीच घरची कार घेऊन पुलगावला माहेरी निघून गेल्या. मुद्दाम. मंगला कारमध्ये बसताना म्हणाली, "भाऊजी, वर्ध्याले दोघंबी जाजा बराबर. यष्टीनं जाऊ नोका, उशीर व्हते." हसत होती. ही मोठ्या बहिणीपेक्षा बेरकी आहे, हे मला आज कळलं.
तर उंटावर दोघं. (चौकातले लोक गाडीला उंट म्हणतात, तिच्या उंचीमुळं.) चालवणार कोण यावर दुकानासमोर उभे राहिलो. मी किल्ली खिशातून काढलीच नाही, तेव्हा तो मागं बसला. आमच्या दोघांच्या मधे त्याची बॅग. बॅगेत कागद.
वाटेतलं खरांगणा गाव आलं. आज कॉलर त्याच्या मापावर ढिली होती, छिन्नी मारायची हिंमत मला परत झाली नव्हती. दोघांच्या वजनानं गाडी मागं बसली, पुढचं चाक हलकं, हँडल तरंगत होतं. नाल्यावरच्या एका फुटक्या मोरीवर शॉक तळाला टेकला. धडाम. दोघंही सीटवरून उडालो, बॅग माझ्या पाठीत.
थांबवली. उतरलो. त्यानं बॅग उघडली, कागदांच्या खालून पाना काढला आणि माझ्यासमोर धरला. मान दुसरीकडं.
मी म्हटलं, "गंजला तं नाई ना?"
"तेल लावून ठेवलं."
बाभळीखाली सॅग मोजला. सौ.चा टेप माझ्या खिशातच असतो आताशा. दोघांचं वजन मोजायचं तर दोघांनीही बसायला पाहिजे आणि मोजणारा तिसरा पाहिजे. कापूस घेऊन चाललेला एक बैलबंडीवाला थांबवला. त्याला खुणा दाखवल्या. तो म्हणाला, "बसा लेकहो. हलू नोका." आम्ही पाय वर घेऊन एकामागं एक बसलो. बंडीचा एक बैल माझ्या बुटाचा वास घेत होता, तोल जाऊ नये म्हणून मी बंडीचा दांडा धरला, विलासनं माझा खांदा धरला. मग कॉलर आवळली. परत बसलो. परत आवळली. चेपलेल्या खाचेत पाना घसरला तेव्हा तो म्हणाला, "हे छिन्नीचं." मी म्हटलं, "हे चोराचं."
तिथून वर्ध्यापर्यंत गाडी अशी गेली की काही ऐकूच आलं नाही. ना धप्प, ना ठक. खड्डे सगळे जागेवर होते, मला दिसत होते. माझ्या कानाला असं कधी झालेलं नाही.
मागून तो म्हणाला, "ही स्प्रिंग एका माणसाची नोहे."
मी गाडी तशीच पुढं काढली. हेल्मेट होतं, ऐकू आलं नाही असं म्हणता येतं.

त्याच दिवशी, परत आल्यावर
वकिलाकडं सगळं भराभर झालं. गोदाम, दुकान, गिऱ्हाइकं. त्यानं पेन काढून दिला आणि सहज विचारलं, "ती मोटरसायकल कोणाकडे लिहू?"
मी म्हटलं, माझ्याकडं. विलास म्हणाला, माझ्याकडं. एकाच वेळी.
वकील म्हणाला, "बाहेर जाऊन ठरवून या."
बाहेर चहा घेतला, उभ्या उभ्या.
"तुमाले थे गाडी कायले पाह्यजे भाऊ? तुमाले पण कडक लागते. मले दिसते ना, आल्यावर कंबर धरून उतरता."
"तुले कायले पाह्यजे?"
"मले नाई पाह्यजे. तुमाले भेटू नये येवढंच पाह्यजे."
इतकं खरं तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला. मलाही तेच पाहिजे होतं, शब्द फिरवून. ठरलं नाही. वकील दुसऱ्या पक्षकारात गुंतला. कागद सहीविना बॅगेत, आम्ही परत त्याच उंटावर. येताना तो बडबडला थोडं, अर्जांबद्दल. मी हूं केलं नाही.

८ नोव्हें.
पाना खिळ्यावर आहे. कुणी टांगला, पाहिलं नाही.
कॉलर दोघांच्या मापावर, बाभळीखाली आवळली तशीच. काल त्याचा दिवस होता. ब्रेकरवर आवाज ऐकला, खाड. एवढ्या आवळलेल्या स्प्रिंगवर एकटा बारीक माणूस म्हणजे खाटेच्या लाकडावर बसणं. मला वाटलं, आला की पाना घेईल. तो आला, हेल्मेट ठेवलं, पाठ चोळली, टेबलावर बसला.
आज माझा दिवस. मीही तसाच गेलो आणि तसाच आलो. माझ्या कंबरेचं मलाच माहीत.

१४ नोव्हें.
अजून तसंच. दोघंही तसेच आपटत जातो, तसेच येतो. जो आधी पान्याला हात लावेल त्यानं मान्य केलं, की आता एकट्याचं माप लावायचं. वकिलाचा फोन आला होता, विलासनं उचलला. "ठरलं नाई अजून," म्हणाला आणि माझ्याकडं न बघता ठेवला. कागद त्याच्या बॅगेत आहे की टेबलात, विचारलं नाही.
उद्या तळेगावला मोठं काम आहे, दोन माणसांचं. पंप उतरवायचा आहे. मी सौ.ला सांगितलं, एक मजूर बघतो. ती म्हणाली, बघा.
चौकात कुणी मजूर दिसला नाही. फारसं पाहिलंही नाही.

१५ नोव्हें., सकाळी
गाडी दुकानासमोर काढली. पेटी बांधली, मागं एका माणसाची जागा सोडून. किल्ली लावून ठेवली, हे दुकानाच्या दाराशी उभ्यानं लिहितो आहे. विलास आत अर्ज चाळून राह्यला. पानं उलटतानाचा आवाज येत नाही.