मनोरथ मंत्राचा अर्थ

५ जानेवारी, रविवार
सातगड या आमच्या खेळाचा डाव झाला. माझ्या टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत, नेहमीचे तिघं. हिलाल (साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, खेळात तलवारबाज), लखन (केळीची पिकअप चालवतो, खेळात जंबू नावाडी) आणि लखनची धाकटी बहीण कामिनी (नर्स, खेळात चेटकीण). मी सूत्रधार. म्हणजे गोष्ट मी सांगायची, फासे त्यांनी टाकायचे, निकाल मी द्यायचा. अख्ख्या शहाद्यात हे काम दुसऱ्या कुणाला जमेल असं वाटत नाही.

आज जंबूची नाव धुक्यात वाहून गेली. तो जगला की मेला, पुढच्या रविवारी. लखन जाताना म्हणाला, सर, माले बुडाडू नका, नाव उसनी शे. सगळे हसले. मी हसलो नाही. सूत्रधाराने चेहरा कोरा ठेवायचा असतो.

कामिनीकडे मनोरथ मंत्र शिल्लक आहे. फक्त एकदा वापरता येतो. नियमांच्या पुस्तकात एवढंच लिहिलंय: इच्छा एका वाक्यात बोलावी, ती पूर्ण होते, कशी ते सूत्रधार ठरवतो. लोकांना हा नियम अर्धवट वाटतो. मला तो सुंदर वाटतो. मागे हिलालने मागितलं होतं, मला कधी भूक न लागो. दिलं. तेव्हापासून त्याच्या तलवारबाजाला कशाची चवच लागत नाही. शब्द म्हणजे शब्द.

८ जानेवारी
काल पहाटे कोंडाईबारी घाटात लखनची पिकअप उलटली. सुरतला केळी घेऊन चालला होता. जागेवरच गेला. संध्याकाळी दुसऱ्या एका पिकअपमधून घरी आणला. ही माहिती बायकोकडून, शीलाकडून. ती गेली होती. मी गेलो नाही, घसा बसलाय. अशा ठिकाणी दोन शब्द बोलता आले नाहीत तर जाण्यात अर्थ काय?

रविवारचा डाव रद्द. ग्रुपवर कळवलं.

१६ जानेवारी
आज लखनचा दहावा. प्रकाश्याला, तापीवर. जायचं नक्की केलं होतं, पण टायपिंगच्या बॅचची परीक्षा तोंडावर आहे. शीला म्हणाली, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मी म्हटलं, तोंडावर म्हणजे काय ते ज्याच्या त्याच्या तोंडावर आहे. ती हिलालच्या बायकोसोबत गेली.

दुपारी मनोरथवर काम केलं. अर्थ लावायच्या तीन पद्धती आहेत. एक, मनातलं ओळखायचं. दोन, मागितलेलं द्यायचं आणि किंमत वसूल करायची. तीन, फक्त शब्द बघायचे. पहिली भोळ्यांची. दुसरी सावकाराची. मी तिसरीचा. मनातलं ओळखायला गेलं की सूत्रधार पक्षपाती होतो. काम छान झालं. चार तास लखनचा विचारही आला नाही.

२६ जानेवारी, रविवार
ठरवलं. पुढच्या रविवारी डाव पुन्हा सुरू. दुःखावर शिस्त हेच औषध. हिलाल फोनवर म्हणाला, भूपा, आजून थोडा थांब. मी म्हटलं, थांबून काय होणार? विशेष म्हणजे कामिनीचा मेसेज आला: येते सर. बघा. नेतृत्व कुणीतरी करावंच लागतं.

२ फेब्रुवारी, रविवार
कामिनी आली. ड्युटीवरून थेट. वाळली आहे. लखनच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. खुर्ची हलवायला हवी होती. पुढच्या वेळी.

मी गोष्ट जिथे सोडली तिथून सुरू केली. धुकं, नदी, रिकामा काठ. वातावरण चांगलं जमलं होतं. तेवढ्यात कामिनी म्हणाली, सर, मी मनोरथ वापरते. हिलालने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, जंबू घरी येवो.

चार शब्दसुद्धा नाहीत. आणि इतके आठवडे मी तयारीत होतो. जिवंत, असं ती म्हणाली नव्हती. मी डोळे मिटून सांगितलं: धुक्यातून नाव येते. वल्ही कुणी मारत नाही. नाव काठाला लागते. आत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला जंबू. तो घरी आला आहे.

माझ्या आजवरच्या निकालांत हा सर्वांत निर्दोष.

डोळे उघडले तर कामिनी उभी होती. चप्पल हातात घेऊनच बाहेर गेली. हिलाल म्हणाला, भूपेंद्र, तुले काही समजस का? मी म्हटलं, वाक्य पुन्हा वाच, जिवंत हा शब्द दाखव. त्याने फासे टेबलावर ठेवले आणि तिच्या मागे गेला.

३ फेब्रुवारी
शीलाला सगळं सांगितलं. निकालामागचं तत्त्व समजावलं. तिने भाकरी थापता थापता विचारलं, लखनला घरी कसं आणलं होतं, माहीत आहे ना तुम्हाला? मी म्हटलं, पिकअपमधून, आणि ही नाव होती. साम्य योगायोगाचं. ती म्हणाली, तिला एकदा तरी तो नीट घरी आलेला ऐकायचा होता, एवढंच. मी म्हटलं, मग तसं वाक्य करायचं. भाकरी करपली. माझ्यामुळे, असं तिचं म्हणणं.

५ फेब्रुवारी
ग्रुपवर स्पष्टीकरण टाकलं. मोठं झालं, पण मुद्देसूद. शेवटी लिहिलं, वैयक्तिक घेऊ नये. दोघांनी वाचलं. त्यांच्या नावांपुढे निळ्या खुणा आल्या. हिलाल ग्रुपमधून बाहेर पडला. लखनचा नंबर अजून ग्रुपमध्ये आहे. त्याच्या नावापुढे खूण आली नाही. उगाच बघत बसलो.

९ फेब्रुवारी, रविवार
कुणी आलं नाही. खोली उघडली, चहा सांगितला, तीन कप. एक प्यायलो.

निकाल फिरवायचं ठरवलंय. चुकला म्हणून नाही. सूत्रधाराला फेरविचाराचा अधिकार असतो, तो वापरून बघायचा. नवा निकाल: जंबू थकलाय, भिजलाय, पण जिवंत. काठावर उतरतो आणि जेवायला मागतो. कामिनीला प्रत्यक्ष जाऊन सांगेन. ती शांतपणे ऐकेल. मग डाव सुरू.

१६ फेब्रुवारी, रविवार
गेलो. लखनच्या घरी पहिल्यांदाच, तो गेल्यापासून. दारात त्याची आई, सुगंधाबाई, तूर निवडत बसल्या होत्या. अंगणात शेजारचे दोघंतिघं. कामिनी आत होती. मला बघून चहा टाकायला गेली.

बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, खेळवाळा सर ना? तो तुमना खेळमा काय व्हता? मी म्हटलं, नावाडी. त्यांना हसू आलं. पोहता येत नव्हतं त्याले, म्हणाल्या. मग तूर निवडता निवडता विचारलं, मंग आते तो कोठे शे?

ही नेमकी संधी होती. नवा निकाल तोंडपाठ होता. मी सुरुवात केली, काकू, तो नावेत आहे, भिजलाय, पण येईल…

त्या म्हणाल्या, येई नको म्हनू, भाऊ. घर आना तवय त्यानं तोंड मी पुसेल शे.

पुढचं वाक्य मला माहीत होतं. जेवायला मागतो, हे. ते आलं नाही. त्याऐवजी भलताच आवाज आला. आधी कळलंच नाही की माझा आहे. चहा घेऊन आलेली कामिनी कप हातात घेऊन दारातच थांबली. अंगणातले लोक वळून बघायला लागले. थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

सुगंधाबाईंनी सूप बाजूला सारलं, जवळ सरकल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. रड भाऊ, रड, म्हणत होत्या. बराच वेळ.

सांत्वनाला मी गेलो होतो.