बारा तास दहा मिनिटं

मंगळवार, ९ मार्च

प्रिय आई,

वाकून नमस्कार. तुझ्या हातचं पहिलं पत्र मिळालं. तुला शिकवणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग. लेकीने करायचं काम त्यांनी केलं. मीही मोठी, सुटी अक्षरं काढते आहे. फोनवर काका तुझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्रच लिहिते. कुठे अडलीस तर बाईंना तेवढा शब्द दाखव, पान दाखवू नकोस.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. कामावर औषधांच्या पेट्या बांधते. आत बर्फाच्या पिशव्या, वर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर पेटी किती तासांत पोचायला हवी ते. सुपरवायझर बाई म्हणतात, "तू चिठ्ठी तीनदा वाचतेस. चौथ्यांदा वाचलीस तर बर्फाचं पाणी होईल." सगळे हसतात. मीही हसते.

आपल्या शहराची पेटी मी दुसऱ्या कुणाला बांधू देत नाही. ती गेली की दिवसभर घड्याळ बघते. आता अर्ध्यात असेल. आता उतरली असेल.

तुझा गुडघा कसा आहे? लिहिलं नाहीस.

तू एकच प्रश्न विचारलास, विमानाला किती वेळ लागतो. आई, नऊ हजार सहाशे किलोमीटर. बारा तास दहा मिनिटं.

अडीच दिवस नाही. अप्पांना दवाखान्यात नेलं तेव्हा मी फोनवर अडीच दिवस म्हणाले. काका म्हणाले, "मग कशाला धावपळ करतेस?" कुणी शंका घेतली नाही. घरात पहिली शिकलेली मी. मी सांगेन ते खरं. त्याच सकाळी आपल्या शहराची पेटी मी बांधली होती. ती दुसऱ्या दिवशी पोचली. अप्पा त्यानंतर एक दिवस होते.

रजा मिळाली नसती, असं मी स्वतःला सांगत आले. मी रजा मागितलीच नाही. भीती वाटली, की काका म्हणतील, "झालं ना जग बघून, आता घर सांभाळ," आणि अप्पा नसतील तर माझ्या बाजूने बोलणारं कुणी उरणार नाही. तुला मी त्यात धरलंच नव्हतं.

धाकटीने सांगितलं, अप्पा बोटांवर दिवस मोजत होते. अर्धा दिवस कसा मोजायचा म्हणून तिसरं बोट अर्धं दुमडायचे. हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

बावीस एप्रिलचं तिकीट काढलं आहे. आधीचंही मिळत होतं. पण हे पत्र माझ्याआधी पोचायला हवं, आणि ते वाचून ठरवायला तुला वेळ हवा. येऊ नकोस असं वाटलं तर तूच लिही, कुणाकडून निरोप नको. तुझ्या अक्षरात असेल ते मी मानेन.

एवढ्या जवळ असून न आलेली,
तुझी थोरली