हातभर जमिनीपायी

चि. दिगूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

मी अमेरिकेत, नॉर्थ डकोटात माझ्या यशोधनकडे सुखरूप आहे. गुडघा बरा आहे. तुझा खोकला कसा आहे?

हे गाव कॅनडातून आलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांनी वसवलं. सगळ्यांना नदीचं पाणी मिळावं म्हणून जमिनीच्या लांब, अरुंद पट्ट्या पाडल्या. शेजारच्या म्हाताऱ्या लुसीलबाई सांगत होत्या, यशोधन मराठीत समजावत होता. त्यांच्या आजोबांच्या वेळी एकाने नांगर हातभर पलीकडे घातला, तर सख्ख्या भावाने कुदळीने डोकं फोडून त्याला जागीच मारलं. मग मेलेल्याच्या पोरांनी काकाला घरात कोंडून घर पेटवलं.

"आता ती जमीन कोणाकडे?" मी विचारलं.

"आमच्याकडे," लुसीलबाई म्हणाल्या. "त्यांच्यातलं उरलंय कोण?"

मला जेवण गेलं नाही रे. बांधावरून तू आपल्या धाकट्या भावावर, मुकुंदावर कोयता उगारलास, हे तुझ्या मीनाक्षीने रडत फोनवर सांगितलं. आक्का लांब आहे म्हणून लपवलंस होय? त्याला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवणारा तूच ना?

पत्र वाचून झालं की तो कोयता मुकुंदाच्या हातात नेऊन दे. त्याने घेतला की तिथेच बस. चहा घेतल्याशिवाय उठू नकोस.

तुम्हा दोघांचीही,
आक्का