बटाटे सोलताना आर्डिथ जे म्हणाली

एल्डर फोर्क, नेब्रास्का
३ मार्च १९५३

चि. लिओटा हिस मर्लदादाचे आशीर्वाद, या खेपेला जरा हात राखून.

तुझ्या नव्या कादंबरीची छपाईची कच्ची पानं पोचली. तुझ्या पुस्तकात ना चंद्र उगवतो, ना कुणाचे नाकडोळे दिसतात. नुसती माणसं बोलत असतात. न्यूयॉर्कचे लोक म्हणे याला शैली म्हणतात. बाई गं, ही शैली मी दर रविवारी तुला पत्रातून पाठवतो, वर टपालखर्च माझा. मागच्या पुस्तकापासून माझ्या पेंडीच्या दुकानात गिऱ्हाईक आधी विचारतं, आज बहिणीला पत्र लिहिणार आहेस का, आणि मगच तोंड उघडतं. तेही सोसलं.

पण यात एक बाई बटाटे सोलताना म्हणते, "लग्न मी स्वयंपाकघरातल्या नळाकडे बघून केलं, नवरा नंतर आवडायला लागला." हे तुझी आर्डिथवहिनी माझ्यापाशी बोलली होती. मी कौतुकानं तुला कळवलं, आणि तू छापायला काढलंस. तिनं ते पान वाचलं. तेव्हापासून घरात शब्द नाही. काल मुद्दाम तिच्या कॉफीला नावं ठेवली, तरी गप्प. चर्चच्या जेवणावळीतली बायकांची कुजबुज तिला आत्ताच ऐकू येत असणार. ते वाक्य काढ. माया आहेच, तेवढी परीक्षा बघू नकोस.

मर्लदादा


न्यूयॉर्क
९ मार्च

ती. दादास लिओटाचा नमस्कार, रागासकट.

भाड्याच्या खोलीत इतकी वर्षं टाइपरायटर बडवून मला एवढंच कळलं, की माणसं बोलतात त्याहून चांगलं मला लिहिता येत नाही. चंद्र मीही उगववून पाहिला, संपादकांना झोप आली. ते वाक्य काढलं तर ती बाई नवऱ्याकडे परत का जाते, हेच कळणार नाही. पण वहिनीचं बोलणं बंद पाडून मला पुस्तक नको. महिनाअखेर छपाई आहे. वहिनीला वेगळं लिहिलंय: ती म्हणेल तर काढते. तू मध्ये पडू नकोस. रागावलेली असले तरी तुझीच,

लिओटा


एल्डर फोर्क
१४ मार्च

चि. लिओटास वहिनीचे आशीर्वाद.

वाक्य काढू नकोस. पण मी ते बोललेच नव्हते. मर्ल कुणाचंही बोलणं अगदी तंतोतंत ऐकतो, फक्त त्यात तो स्वतः असला की मापात मूठभर जास्त घालतो. तू जसंच्या तसं लिहितेस म्हणून तुझं नाव झालं. मग माझ्या तोंडी त्याचं वाक्य का? राग त्याचा आला. बायका बोलतील ते बोलोत, पण मी म्हटलेल्यावर बोलू देत. मी म्हणाले होते, "लग्न मी नळाकडे बघून केलं. नळ पहिल्याच दिवशी आवडला. नवऱ्याचं अजून बघतेय."

असं छाप.

हे मर्लला आत्ताच मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा आवाज ऐकून आधी खूश झाला, मग शब्द कळले. आता तो गप्प बसलाय आणि मी बोलतेय. तब्येतीला जप, आमची आठवण काढत जा.

तुझी वहिनी
आर्डिथ