‘जुना’ लिहिलेली बाटली

चिमे, मामाचे आशीर्वाद.

प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळता सांभाळता तुझ्यामुळे मला सीबीएन कळलं. भांगेच्या झाडातला नशा आणणारा घटक हवा-उजेडात जुना होत गेला की हळूहळू त्याचं हे बनतं. यानं झोप येते म्हणतात, पण पुरावा तोकडा.

सीबीएन वाढेल या अंदाजानं तू वर्षभर खिडकीत ठेवलेल्या भांगेच्या अर्काच्या बाटलीवर ‘जुना’ असं लिहिलं होतंस. स्टोअरात ‘जुना’ म्हणजे टाकायचा माल, म्हणून मी तो मोरीत ओतला. चूक कळल्यावर घाबरून बाटलीत ताजा अर्क भरला.

तपासणीत सीबीएन जेमतेम सापडलं. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, “हवेत इमले बांधलेस, मुली.”

तू हसून म्हणालीस, “हवेतच ठेवलं होतं ना, बाई!” आणि महिन्याभरात संशोधन सोडलंस.

काल फोनवर विचारलंस, “मामा, परत बोलावतायत. जाऊ? की पुन्हा तोंडघशी पडेन?”

मी नुसतं “बघ बाई” म्हणालो.

जा. तुझा अंदाज बरोबर होता, बाटलीतला माल खोटा होता. इथवर लिहिलं खरं, पण पत्र टपालपेटीत टाकायला पाय उचलत नाही. उद्या तुझा पुन्हा फोन येईल, आणि मी पुन्हा तब्येतच विचारीन.

तुझा,
भित्रा मामा