फुबावर घेतलेला आळ

काशियास, १२ ऑक्टोबर

प्रिय लिंदाउरा,

तुझा डबा मिळाला. पेरूची वडी अशी घट्ट, की सुरीच मोडावी. तुझ्या हातची लगेच ओळखू येते. पण सोबतच्या चिठ्ठीत तू पुन्हा माफी मागितलीस, तुझ्या फुबा बोक्यामुळे माझ्या हाताचं वाटोळं झालं म्हणून. या वर्षात ही तिसरी वेळ. वडी तशीच डब्यात ठेवली.

हात आता बरा आहे. बोटावरचा फोड, तिथून दंडापर्यंत चढलेली गाठींची रांग, सगळं सुकलं. पाच महिने औषध घेतलं. डाग राहिलेत. पाववाला वाल्मिर अजून चिडवतो, "झोरायदे, लांबूनच दाखव गं कुठला हवा ते, पावाला बुरशी लावशील!" मी म्हणते, "तुझ्या पावाला ती आधीच असते, मेल्या." आरोग्यकेंद्रातल्या जांदिरानं मात्र गल्लीला नीट समजावलं. ही बुरशी आजारी मांजराच्या ओरखड्यातून येते, पण औषधानं मांजरही बरं होतं. त्याला मारू नका, रस्त्यावर सोडू नका. तोवर फुबाला सुई देऊन मारल्याला महिना झाला होता.

त्याच्या कानावर जखम दिसली आणि सगळी गल्ली तुझ्या दारात आली. "मांजर हवंय की शेजारीण, ते एकदा ठरव!" हे ओरडणारी मीच होते. तू त्याला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पशुवैद्याकडे नेलंस आणि रिकामा अभ्रा घेऊन परतलीस. पंधरा दिवसांत घर बंद करून लेकाकडे गेलीस.

माझा बोका बिदू म्हातारपणानं गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. साफ खोटं. त्याच्या नाकावर जखमा होत्या, सारखा शिंकायचा. लोकांच्या तोंडाला भिऊन मी त्याला दोन महिने घरात लपवला. जानेवारीत गेला, तेव्हा लाडाचा म्हणून परसातच पुरला आणि वर भाजी लावली. जांदिराला हे आता कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला, "अहो मावशी, असलं मांजर पुरायचं नसतं, जाळायचं! मातीत रोग राहतो." त्याच मातीत मी उघड्या हातांनी खुरपत होते, आणि त्याआधी बिदूनं मला किती वेळा ओरबाडलं होतं ते मोजलेलं नाही.

हे बिदूमुळेच झालं, ते मला ठाऊक होतं, लिंदाउरा. फोड आला त्याच दिवशी मनात आलं होतं. तरी मी तुझ्या दाराकडे बोट दाखवलं. फुबाच्या कानाच्या तपासणीचा कागद मार्चमध्ये आला. तुला द्यायला म्हणून पशुवैद्यानं माझ्याकडे दिला. रोग नव्हता. नुसती बोक्यांच्या भांडणातली जखम होती. सात महिने तो कागद मी कपाटात दाबून ठेवला, आज सोबत पाठवते आहे. शनिवारी पावाच्या रांगेत उभी राहून सगळ्यांसमोर हे बोलले. वाल्मिरनंसुद्धा मान खाली घातली. तू आता माझी माफी मागू नकोस गं. मला शिव्या घालणारं पत्र लिही. ते मी तुझ्या बंद दाराच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचीन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

तू म्हणशील तरच तुझी,
झोरायदे